झिजलेल्या शिवराईचे पारखी

महाराष्ट्रातल्या देवघरांतून, फडताळांतून आणि आज्यांच्या चंच्यांतून ‘खुद्द महाराजांच्या वेळची’ म्हणून आजवर जेवढी नाणी निघाली आहेत, तेवढी सगळी जर रायगडावर पाडली गेली असती, तर १६७४ नंतर घणांच्या आवाजात गडावर कुणाला कुणाचं बोलणं ऐकू आलं नसतं. त्यातलं एक नाणं आमच्याही घरी आहे. तांब्याचं आहे. गोल आहे असं म्हणवत नाही, आणि दुसरा कुठला आकार आहे असंही छातीठोक सांगता येत नाही. एका कडेला चीर गेलेली, दुसरी कड चपटी. दोन्ही अंगांवर जे काही होतं ते आता इतकं पुसट झालंय, की त्यातला छापा कोणता आणि काटा कोणता हे ठरवायला आधी दुसऱ्या एखाद्या नाण्याचा छापा-काटा करावा लागेल.

वडिलोपार्जित म्हणावं असं आमच्याकडे एवढंच उरलंय. जमीन कुळकायद्यात गेली, वाडा भाडेकरूंच्या आणि आमच्या दाव्यात पडला, दागिने आत्यांच्या लग्नांत आटले. नाणं मात्र कुठल्याही कायद्याच्या किंवा व्याह्याच्या नजरेस पडलं नाही म्हणून राहिलं. आजी गेल्यानंतर तिच्या पितळी डब्यातून ते निघालं, तेव्हा डब्यात आणखी एक जायफळ, दोन कवड्या आणि एका कुलपाची किल्ली होती. कुलूप कुठलं याचा शोध कुणी घेतला नाही. नाण्याचा मात्र सगळ्यांनी घेतला.

अक्षरं स्पष्ट असलेलं नाणं घरात असेल तर तो एक प्रकारे कपाळकरंटेपणाच. त्यावर जे लिहिलंय तेच वाचावं लागतं. झिजलेल्या नाण्याला असलं बंधन नाही. आमच्या घराण्यात तर अक्षरं जसजशी पुसत गेली तसतशी हकिकत वाढत गेली. माझ्या लहानपणी ते नुसतं ‘गडावरून आलेलं’ होतं. माझ्या मुंजीपर्यंत ते ‘गडावर मिळालेलं’ झालं. पुढे ‘महाराजांनी दिलेलं’. आणि आमचे थोरले काका, नाना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते ‘महाराजांनी पाठीवर हात ठेवून दिलेलं’ आहे. नानांना आणखी दहा वर्षं मिळाली तर आमच्या पूर्वजांनी ते आधी नम्रपणे नाकारलेलंसुद्धा असेल.

नाणकशास्त्राच्या पुस्तकांत नाणं झिजतं ते हातोहाती फिरून. आमचं कुठे फिरलंच नाही. ते देवघरात बसल्या जागी झिजलं. दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी चिंच, एरवी लिंबाची साल, घाई असेल तेव्हा राख, आणि एखाद्या सुनेला सासूवर छाप पाडायची असेल तेव्हा रांगोळी. वर पंचामृतातलं दही होतंच. बाजारात शंभर वर्षं हिंडून जेवढी अक्षरं गेली नसती, तेवढी आमच्या बायकांच्या भक्तीनं गेली. शिवाय लहानपणी डोक्याला टेंगूळ आलं की तेच नाणं त्यावर दाबून धरत. आमच्या तीन पिढ्यांच्या कपाळांवर ते उमटून गेलंय. एकेकाळी खुद्द नाण्यापेक्षा आमची कपाळंच जास्त वाचनीय असणार. पण तेव्हा कुणा अभ्यासकाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

संग्राहक मंडळी सांगतात की जुन्या नाण्याला काही म्हणजे काही लावू नये. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी-काळपट थर हाच त्याचा दाखला. तो खरवडून काढला की किंमतही त्याच्याबरोबर खरवडली जाते. हे मी आत्याला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे लक्ष्मीला पारोसं ठेवायचं?” या प्रश्नावर नाणकशास्त्रात उत्तर नाही.

ओळख पटवण्याची पहिली बैठक आजीच्या वर्षश्राद्धाला, जेवणं आटोपल्यावर झाली. नाणं ताटलीतून फिरलं. नानांनी चष्मा कपाळावर सरकवून, म्हणजे चष्म्याविना, ‘श्री’ वाचला. आत्याला त्याच जागी बेलाचं पान दिसलं, आणि बेलपान म्हटल्यावर नाणं अहिल्याबाईंचंच, असा तिनं निकाल दिला. होळकरांच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बिल्वपत्र असतं हे तिचं म्हणणं खरं होतं. फक्त ते या नाण्यावर नव्हतं. माझ्या चुलतभावानं मोबाइलचा दिवा पाडून बराच वेळ पाहिलं आणि ‘रोमन असावं’ म्हणाला. तो दर वेळी असं काहीतरी म्हणतो. शेवटी काकू पानसुपारीचं तबक घेऊन बाहेर आल्या, नाण्याकडे नुसतं वरून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, हे होय! आमच्या माहेरी डबाभर होती असली. बोहारणीला देऊन दोन पातेली घेतली.”

यावर काही वेळ कुणी बोललं नाही. पुढे जेवढे जाणकार भेटले, त्यांच्यापैकी कुणीही नानांना इतकं थोडक्यात सांगितलं नाही.

मुद्दा असा की नाणं शिवराई आहे, हे नानांचं म्हणणं बरोबर होतं. आणि ते डबाभर असायचं, हे काकूंचंही बरोबर होतं. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, हे मात्र दोघांनाही मान्य नव्हतं. महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पती’, आणि भोवती ठिपक्यांची माळ. होन आज इतके दुर्मीळ, की कुणाच्या देवघरात निघाला तर आधी तो मुलामा दिलेला आहे का ते पाहावं. शिवराईचं तसं नाही. तिच्यावर लोकांचा एवढा विश्वास बसला, की पुढच्या छत्रपतींनी, पेशव्यांच्या अमलातल्या टांकसाळींनी, सगळ्यांनी तोच मजकूर ठेवून शिवराया पाडल्या. पेशवाई बुडाली तरी बाजारात शिवराई चालतच होती, ती थेट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत. म्हणजे नाण्यावर ‘श्री राजा शिव’ आहे म्हणून ते महाराजांनी पाडलं असं होत नाही. ते महाराजांच्या पणतूच्या काळातलं असेल, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातलंही असेल.

हे नानांना सांगितल्यावर पुढील संवाद झाला.

“नाव महाराजांचं आहे की नाही?”

“आहे.”

“दुसऱ्या बाजीरावाचं आहे?”

“नाही.”

“मग झालं तर!”

पाटबंधारे खात्यात फायली निकाली कशा निघत असतील याचा मला त्या दिवशी अंदाज आला.

तरी नानांची बाजू काही अगदीच लंगडी नाही. या नाण्यांवर नाव कुणाचं आणि राज्य कुणाचं, याचा मेळ बसवणं हे भल्याभल्यांना घाम फोडणारं काम. आत्याकडे आमच्या आजोळचा चांदीचा एक रुपया आहे. त्याच्यावर सगळी फारशी अक्षरं. त्यामुळे तो ‘मोगली’ ठरला आणि त्याला देवघरात जागा मिळाली नाही. तो कपाटात, सुटकेसच्या खाली राहिला. पुढे एका अभ्यासू गृहस्थांनी त्याच्यावरची छोटीशी खूण दाखवली. अंकुश! हत्तीला टोचतात तो. हा निघाला पुण्याच्या टांकसाळीतला अंकुशी रुपया, म्हणजे अगदी पेशव्यांच्या अंगणातला. त्या काळचे मराठ्यांचे बरेचसे रुपये दिल्लीच्या शाहआलम बादशहाच्या नावानं पाडलेले असत. बादशहा शिंद्यांच्या पहाऱ्यात, आणि शिक्का मात्र त्याचाच. आत्याला हे कळल्यावर तिनं रुपया त्याच दिवशी सुटकेसखालून काढून देवघरात आणला. चिंचेनं घासलाही. चांदीला चिंच लावत नाहीत, पण इतक्या वर्षांच्या अन्यायाचं परिमार्जन करायचं होतं.

पेशवाईत असे किती तरी रुपये एकाच बाजारात नांदत होते. अंकुशी वेगळा, चांदवडी वेगळा, कंपनीचा सुरती आणखी वेगळा. टांकसाळी बऱ्याचदा सोनारांना आणि सावकारांना परवान्यानं चालवायला दिलेल्या. परवानगीवाचून चालणाऱ्याही कमी नव्हत्या. न्यायमूर्ती रानड्यांना मराठेशाहीतल्या चलनावर आणि टांकसाळींवर एक अख्खा निबंध लिहावासा वाटला तो काही उगाच नाही. एका गावचा रुपया दुसऱ्या गावात न्यायचा तर बट्टा द्यावा लागे. खजिन्यात भरणा करताना पोतदार प्रत्येक नाणं वाजवून, वजन करून घेई. आज पोतदार आडनावाचे लोक बँकेत असले तर आपण पलीकडून मोबाइलनं पैसे भरतो. त्यांना वाजवायलाही काही मिळत नाही.

कंपनीनं १८३५ साली सगळीकडे एकसारखा रुपया आणला आणि हा गोंधळ मिटवला असं आपण शाळेत शिकतो. पण गोऱ्यांची नाणीसुद्धा वाटतात तेवढी सरळ नसतात. राणीछाप रुपयावर १८६२ हे साल स्पष्ट, वाचता येईल असं असतं. आणि तेच साल घालून ते रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडत राहिले. नेमकं वर्ष ओळखायचं तर कुठल्या बारीक ठिपक्यांवरून. मला ही माहिती फार दिलासा देऊन गेली. आमच्या नाण्यावर सालच नाही. निदान त्यानं कुणाला खोटं तरी सांगितलेलं नाही.

मधल्या काळात नानांच्या हातात नवा मोबाइल आला. मोबाइलवर एक माणूस तांब्याचं नाणं कॅमेऱ्यासमोर नाचवत ओरडत होता, की हे तुमच्याकडे असेल तर तुम्ही करोडपती आहात. नानांनी त्याला फोन लावला. पलीकडच्या सद्गृहस्थानं फोटोसुद्धा न बघता वीस लाख कबूल केले आणि आधी नोंदणीचे साडेचार हजार भरायला सांगितले. आता, असल्या भामट्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती. बँक असले व्यवहार करत नाही, कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, बँकेच्या नावानं कमिशन किंवा कर मागणाऱ्यांना पैसे देऊ नका. नानांना ही सूचना माहीत नव्हती. तरीही ते फसले नाहीत. ते म्हणाले, “साडेचार हजार माझ्या वीस लाखांतून वळते करून घ्या आणि राहिलेले पाठवा.” पलीकडून फोन बंद झाला. नानांना अजून वाटतं की रेंज गेली असावी.

या प्रसंगाचा बोभाटा होऊन सोसायटीतले एक शेजारी आपलं नाणं घेऊन आले. त्याच्यावर राम-लक्ष्मण-सीता, पायाशी हनुमंत, मागच्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘एक आणा’ आणि साल १८१८. हे नाणं तांदूळ ओढून घेतं आणि त्याला परदेशात कोट्यवधी रुपये मिळतात, असं त्यांना विकणाऱ्यानं सांगितलं होतं. घरी त्यांनी तांदूळ ठेवून पाहिले. ओढले गेले नाहीत. पण ते म्हणाले की आमचे कोलम आहेत, बासमतीवर करून बघायला हवं. मी त्यांना समजावलं, की कंपनीनं राम-लक्ष्मण-सीतेचं असं नाणं कधी काढलंच नाही. एक आण्याचं नाणं सरकारनं पहिल्यांदा काढलं ते १९०७ साली, तेही तांब्याचं नव्हे. आणि ज्या वर्षी कंपनी पेशवाई बुडवण्याच्या गडबडीत होती, नेमक्या त्याच वर्षी तिला रामरायाची आठवण झाली, हे जरा विचार करण्यासारखं आहे. शेजाऱ्यांनी विचार केला आणि म्हणाले, “पश्चात्ताप झाला असेल.”

न्यूजर्सीतल्या पुतण्याचा निरोप आला, की नाणं त्याच्याकडे पाठवा, तिकडे प्लास्टिकच्या पेटीत बंद करून प्रमाणपत्र देतात. इथे मात्र नानांनी कायदा काढला. आणि कायदा खरा होता. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष ठरतात आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती देशाबाहेर नेता येत नाहीत. नाना पुतण्याला व्हिडिओ कॉलवर म्हणाले, “तू देशाबाहेर गेलास तेव्हा कायदा नव्हता. शिवराईला आहे.” कायद्याची पुस्तकं उघडलीच होती म्हणून मी त्यांना आणखी एक पान दाखवलं. नाना अलीकडे पाहुण्यांना असं सांगू लागले होते, की हे नाणं पूर्वजांनी शेतात नांगरताना सापडल्यावर घरी आणलं. गोष्टीत मातीचा वास यावा एवढाच हेतू. पण १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून जिवंत आहे, आणि जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये! १८७८ मध्ये त्या पैशांत एखादी गाय येत असेल. आज कटिंग चहा येतो, पण कायद्यातला आकडा कुणी हलवलेला नाही. नानांची कोंडी झाली. नाणं दहा रुपयांच्या आतलं म्हणावं तर घराण्याची बेअब्रू, वरचं म्हणावं तर कलेक्टर कचेरी. दुसऱ्या दिवसापासून नांगर गोष्टीतून गेला आणि महाराज पुन्हा आले.

शेवटी नाणं नीट ओळखायचंच असं ठरलं. अशा कामाला फार काही लागत नाही, आणि जे लागतं ते नेमकं आमच्या घरात नसतं: चिकाटी आणि गप्प बसण्याची सवय. आधी वजन. त्यासाठी सोनाराकडे गेलो. त्यानं नाणं काट्यावर टाकलं, नऊ ग्रॅम आणि वर थोडं असं सांगितलं, आणि मोडीच्या तांब्याचा भावही विनाकारण सांगितला. शिवराया सर्वसाधारणपणे जुन्या काळाकडे जड आणि पुढे पुढे हलक्या होत गेल्या. पण झिजेमुळे किती गेलं आणि टांकसाळवाल्यानं मुळातच किती मारलं, हे काटा सांगत नाही.

मग उजेड. झिजलेलं नाणं डोक्यावरच्या दिव्याखाली बघितलं तर नुसतं चकाकतं. खोलीत अंधार करून विजेरी अगदी बाजूनं, टेबलाला टेकवून धरायची आणि नाणं हळूहळू फिरवायचं. मग गेलेली अक्षरं सावलीत उभी राहतात. मी हे रात्री करत असताना आत्या पाणी प्यायला उठली. अंधारात विजेरी आणि माझा चेहरा बघून तिनं आधी रामरक्षा सुरू केली आणि मग मला ओळखलं. तिसरा उपाय आपण सगळ्यांनी शाळेत केलेला आहे. पातळ कागद वर ठेवून पेन्सिलीच्या कडेनं हलकेच घासायचं. डोळ्यांना न दिसणारं कागदाला दिसतं.

कागदावर उमटलं ते असं. एका बाजूला वरच्या ओळीचं काहीच नाही, मधे ‘जा’, खाली ‘शि’चं अर्धं डोकं. दुसऱ्या बाजूला ‘त्र’ आणि त्याच्याखाली ‘ती’. बस्स. नाना हिरमुसले. वास्तविक यात हिरमुसण्यासारखं काही नव्हतं. हाती घणानं पाडलेल्या शिवराईचा ठसा बहुधा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असे. तुकडा ठेवला, घण घातला, जेवढं बसेल तेवढं बसलं. बाकीचा मजकूर ऐरणीवरच राहिला. संपूर्ण ‘श्री राजा शिव छत्रपती’ एकाच नाण्यावर, मधोमध, ठिपक्यांच्या माळेसकट दिसलं तर जाणकारांचे डोळे आनंदानं नव्हे, संशयानं बारीक होतात. ठसे कोरणारेही आपापल्या परीनं लिहीत. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. शुद्धलेखनाचे नियम निघायचे होते, त्यामुळे राज्य सुखात चाललं होतं.

पण कागदावर अक्षरांशिवाय आणखी एक गोष्ट उमटली होती, आणि ओळख पटली ती तिच्यावरून. ‘जा’च्या खाली शेजारी-शेजारी गेलेल्या दोन आडव्या रेघा. अशा रेघांच्या शिवराईला दुदांडी शिवराई म्हणतात. या नंतरच्या, पेशवाईच्या उतरत्या काळातल्या. म्हणजे महाराजांच्या आणि आमच्या नाण्याच्या मधे शंभराहून जास्त वर्षं उभी होती, आणि आमचे ते पाठीवर हात ठेवून घेणारे पूर्वज पलीकडच्या टोकाला.

मी नानांना सुचवलं, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची खास संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची. तिथे संग्रहालयही आहे, एकदा दाखवून येऊ. नाना म्हणाले की विद्वानांकडे नको, विद्वान पटवून देतात. त्यांना हवा होता धंद्यातला माणूस. म्हणून एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो.

जुन्या बाजारात एका चादरीवर मोडकी कुलपं, एका चादरीवर रेडिओची आतडी, एका चादरीवर नाणी. नाणीवाला तरुण होता. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, नाणं दोनदा उलटसुलट केलं आणि म्हणाला, “दुदांडी. घासलीय कुणी?” मी म्हटलं, सगळ्यांनी. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली. मग त्यानं आपल्या मांडीजवळचा प्लास्टिकचा डबा पुढे ओढला. श्रीखंडाचा असावा. तो काठोकाठ शिवरायांनी भरलेला होता.

नानांनी त्या डब्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं माणूस फक्त आपल्या आडनावाचे दुसरे लोक पाहतो.

किंमत कशी ठरते हे त्या मुलानं अगदी स्वच्छ सांगितलं. जुनं आहे म्हणून महाग, हा घरच्यांचा समज. त्याच्याकडेच सातवाहनांची नाणी होती, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. साधी असतील तर काही शे रुपयांत मिळतात. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया. पाहिलेली माणसं अजून हयात आहेत, पण बाजारात आले फार थोडे, म्हणून त्याला लाखाच्या घरात बोली लागते. लागते म्हणून १९३८ च्या रुपयावरच्या आठाचा कोरून नऊ करणारे कलावंतही आहेत. “काका, किती आहेत, कसं राहिलंय आणि कुणाला हवंय,” तो म्हणाला, “एवढंच बघतात. घरात कुणी दिलं, कुणी ठेवलं, त्याचं बाजारात काही येत नाही.”

नाना तापले. महाराजांच्या नाण्याला बाजार कोण सांगणार, वगैरे सुरू झालं. तेव्हा मी एक जुनी हकिकत पुढे केली. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला होता. त्याच्या मागण्यांत एक अशी होती, की मुंबईत पाडलेली आमची नाणी आपल्या मुलखात चालावीत. महाराजांनी सांगितलं ते असं: आम्ही मनाई करत नाही. पण रयतेला नुकसान सोसून ती घ्यायला लावणारही नाही. धातू चांगला आणि वजन पुरं असेल तर लोक आपणहून घेतील. म्हणजे नाण्याची किंमत लोकांनीच ठरवावी, हा खुद्द महाराजांचा निवाडा होता, आणि तोही राज्याभिषेकाच्या गर्दीत, गडावर दिलेला.

नाना थोडे नरमले. “बरं, मग लोक काय म्हणतायत?” त्यांनी लोकांना, म्हणजे त्या मुलाला, विचारलं.

“दोनशे,” तो म्हणाला. “तुमच्यासाठी अडीचशे.”

नानांनी नाणं शांतपणे उचललं, रुमालात बांधलं आणि चालू लागले. मला वाटलं, मनाला लागलं. मी रस्ता ओलांडताना काही तरी बरं बोलायचं म्हणून शब्द जुळवत होतो, तोच नाना थांबले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

“ऐकलंस ना? तुमच्यासाठी अडीचशे!”

“ऐकलं.”

“ओळख ना पाळख, पन्नास रुपये चढवले त्यानं. उभ्या उभ्या! बाजारात बसणारा माणूस असा उगाच चढवतो होय? त्यानं आतून ओळखलं होतं सगळं. तो डबा पुढे ढकलला ना, तो आपलं लक्ष उडवायला. पाच लाखांच्या खाली नाही बघ हे नाणं.”

“आणि समजा, त्यानं पाच लाखच सांगितले असते तर?”

“तर मी तिथे क्षणभर थांबलो नसतो,” नाना म्हणाले. “जो सरळ पाच लाख द्यायला निघतो, तो पन्नास लाखांची वस्तू ओळखूनच निघतो. चल, रिक्षा कर. आणि पैसे तू दे, माझ्याकडे सुटे नाहीत.”